पहिल्या आठ ओळी

केयोनच्या धक्क्यावर
मच्छीमार संस्थेच्या खोलीत लाकडाची शेगडी,
शेगडीवर किटली, खिडकीबाहेर
होड्या एकमेकींना खांदे घासत.
मला काम सांगितलं ते एवढंच:
नोल्बेर्तोच्या एक्सेलमधलं सगळं
डेटाबेसमध्ये आणायचं. कोडने.
"हाताने आणलंस," चिटणीस फ्रेसिया म्हणाली,
"तर पुढचा हिवाळा लागेल."

जोडणीची ओळ लिहिली.
पुरवणारा कोण, फाइल कुठे, पान कुठलं.
अर्धविराम चुकला की दार बंद.
अर्धविराम जागच्या जागी होते, दार तरी बंदच.
फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे, म्हणे.
दुसरं कुणीतरी म्हणजे नोल्बेर्तो.
तो सकाळी दुकानाची फळी काढावी तशी फाइल उघडतो
आणि दिवे लागेपर्यंत मिटत नाही.
फोन केला. दोन मिनिटं बंद करा.
"आणि आत्ता येणाऱ्या होडीचं वजन कुठे लिहू, यास्ना?"
हातावर, म्हणाले मी.
त्याने हातावर लिहिलं.

आल्या ओळी. तेराशे चाळीस.
तारीख, होडी, पाणबुड्या, किलो.
बेरीज झाली, फ्रेसियाने अहवाल छापला,
त्यावर शिक्काही मारला.

रात्री नुसतं मोजून पाहिलं, सवयीने.
ओळी तेराशे चाळीस,
वजनं तेराशे तीन.
सदतीस घरांत काहीच नाही. शून्यसुद्धा नाही.
शून्य असतं तर निदान कुणी तिथे उभं होतं असं वाटलं असतं.

पुस्तकात कारण सापडलं, बारीक अक्षरात:
जोडणारा दुवा पहिल्या आठ ओळी चाळतो
आणि त्यावरून ठरवतो रकान्याची जात.
आठही आकडे, तर रकाना आकड्यांचा.
पुढे कुणी शब्द घेऊन आलं
तर त्याला आत घेत नाही,
ओरडतही नाही.

मूळ फाइल उघडली.
किलोच्या रकान्यात, अकरावी ओळ:
*वारा. निघालोच नाही.*
चौऱ्याऐंशी:
*लाल भरती. सगळ्या तिसऱ्या परत पाण्यात.*
एकशे नव्वद: *मुलीचं लग्न, डोकं दुखतंय.*
तीनशे सात, तीनशे आठ, तीनशे नऊ: *तेच.*
सहाशे बारा:
*एलादिओ वर आला नाही.*
त्याखाली सहाशे तेरा, दुसरी होडी, एकशे चाळीस किलो.

एलादिओ नोल्बेर्तोचा मेहुणा, हे मला माहीत होतं.
त्या दिवशी शेरा लिहायला रकाना नव्हता
हे नव्हतं.

मग दुव्याला सांगितलं:
मथळ्यालाही ओळच मान,
आणि सरमिसळ दिसली तर सगळं अक्षर धर.
आता पहिल्याच ओळीत त्याला *किलो* हा शब्द भेटला
आणि तो नमला.
तेराशे एक्केचाळीस ओळी, मथळ्यासकट, सगळ्या बोलणाऱ्या.
बेरीज मात्र मोडली. साहजिक आहे.
*वारा* अधिक ऐंशी किती?

दोन रकाने केले. आकडा दिसला तर इकडे,
नाही तर तिकडे. तिकडच्याचं नाव शेरा.
कोडच्या चार ओळी, त्यातली एक
तीनदा पुसली.

सकाळी नोल्बेर्तो आला, हात पुढे केला.
शाई अर्धी धुऊन गेलेली, बाण, होडीचं नाव,
नव्वद की नव्व्याण्णव, त्यालाही सांगता येईना.
पडद्यावर त्याने आपल्या ओळी वाचल्या,
बोट न लावता, लांबूनच.
सहाशे बाराशी थांबला नाही.
नऊशे चारशी थांबला.

तिथे लिहिलं होतं: *वीस, बहुतेक.*

"हे कुठे टाकलंस?"
अजून कुठेच नाही, म्हणाले मी.
त्याने किटली उचलली, रिकामी होती,
ती भरायला तो बाहेर गेला.